मळवलीचा दगड, लोणावळ्याची काच

काही जुन्या घरांत देवघराच्या वर काळपट चौकटीतली लक्ष्मीची तसबीर अजूनही असते. कमळावर उभी असलेली देवी, चार हात, बाजूला हत्ती. अशी तसबीर हाताशी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती चौकटीबाहेर काढा आणि देवीच्या गालावर एक चांगलं भिंग धरा. शेजारी कालच्या वर्तमानपत्रातला एखादा रंगीत फोटो ठेवा आणि त्यावरही तेच भिंग धरून पाहा.

वर्तमानपत्रातल्या फोटोत ठिपके दिसतील. कवायतीच्या मैदानावर मुलं उभी करावीत तसे, सरळ ओळींत आणि सारख्या अंतरावर. तसबिरीतही ठिपके दिसतील, पण त्यांना ओळ नसेल. काही लहान, काही मोठे, हनुवटीखाली दाट, गालाच्या उंचवट्यावर विरळ. कुणीतरी बसून एकेक ठिपका हातानं मांडावा, तसे. आणि ते खरोखरच कुणीतरी बसून हातानं मांडलेले आहेत.

आमच्या एका शिक्षक-गटात हा प्रयोग केला तेव्हा एका बाईंनी विचारलं, “मग याला छापलेलं म्हणायचं की काढलेलं?” आम्हांला पटकन उत्तर देता आलं नाही. उत्तर शोधायला लागलो आणि शोधता शोधता पुणे–लोणावळा लोकलनं मळवली स्टेशनात उतरलो.

मळवलीला आपण एरवी उतरतो ते भाजे किंवा कार्ल्याची लेणी पाहायला, नाहीतर लोहगड-विसापूर चढायला. पण १८९९ साली इथे मुंबईहून एक छापखाना आला. तो राजा रविवर्मा यांचा. केरळातल्या किळिमानूरचे हे चित्रकार (१८४८–१९०६) तेव्हा देशभर गाजलेले होते. त्यांची तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत लागत, आणि म्हणूनच बाकीच्यांना ती दिसत नसत. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात असा सल्ला त्यांना त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवराव यांनी दिला होता. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. यंत्रं जर्मनीची आणि तंत्रज्ञही तिकडचेच. पहिलं छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचं होतं. व्यवहाराची बरीचशी बाजू रविवर्मांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा सांभाळत.

दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडू लागली, कारखाने बंद पडू लागले. मळवलीला मोकळी जागा होती आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी होतं. शिवाय बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्येच पुरा झालेला असल्यामुळे मुंबई बंदरात उतरलेला जड माल थेट इथवर आणता येत होता. जड माल म्हणजे किती जड, ते आता पाहू. कारण हा छापखाना दगडांवर चालत असे.

चुनखडीवरचा साबण

दगडावरून छापण्याच्या पद्धतीला लिथोग्राफी म्हणतात. आपल्याकडे तिचं जुनं नाव शिळाछाप. ती शोधली बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डर यानं. हा नाटकं लिहायचा, पण ती छापून घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून स्वस्तात छापण्याच्या युक्त्या शोधत होता. १७९६ ते १७९८ या काळात त्याला जे सापडलं ते आधीच्या सगळ्या छपाईहून वेगळं होतं. तोपर्यंत छपाई म्हणजे उंच-सखलपणाचा खेळ. खिळ्यांमध्ये अक्षर उंच असतं, तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यात रेघ खोल असते. झेनेफेल्डरच्या दगडावर मात्र सगळं एकाच पातळीत होतं. शाई कुठे लागायची आणि कुठे नाही, हे रसायन ठरवत होतं.

ते रसायन आपल्या मोरीतलंच आहे. बोअरच्या पाण्यात साबण नीट फेसाळत नाही, बादलीच्या कडेला पांढरट चिकट साका धरतो. पाठ्यपुस्तकात आपण याला दुष्फेन पाणी म्हणतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबणातली मेदाम्लं एकत्र येऊन कॅल्शियमचा न विरघळणारा साबण तयार होतो, तोच हा साका. लिथोचा दगड म्हणजे अतिशय सूक्ष्म कणांची चुनखडी, अर्थात कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्यावर साबण, मेण आणि काजळीच्या खडूनं रेघ ओढली की त्या रेघेखाली दगडाच्या पृष्ठभागातच हा साका तयार होतो. तो तेलाला जवळ करतो आणि पाण्याला दूर ठेवतो. उरलेल्या कोऱ्या भागावर बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक आणि थोडं नायट्रिक आम्ल फिरवतात. तिथे डिंकाचा बारीक थर बसतो आणि पाणी धरून ठेवतो. आता दगड ओल्या फडक्यानं पुसायचा आणि त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई रेघेवर बसते, ओल्या भागावर बसत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उतरलं. मग पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद. प्रत्येक कागदाला.

हे तंत्र रविवर्मांच्या आधीच आपल्याकडे चांगलं रुजलं होतं. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापलं, आणि पुण्यात १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळेनं रंगीत शिळाछापाची चित्रं घरोघर पोचवली. मळवलीच्या कारखान्याबद्दल बोलताना चित्रशाळेचा विसर पडतो, तो पडू नये.

इथे मुलं हमखास एक प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. मळवलीच्या चहूबाजूंना दगडच दगड आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी त्याच दगडात भाज्याचा चैत्य कोरला. मग छापायला दगड जर्मनीहून का आणायचा? कारण आपला दगड बेसाल्ट आहे, थिजलेला लाव्हा. त्यात कॅल्शियम आहे, पण ते सिलिकेटांमध्ये घट्ट अडकलेलं. साबणाशी संयोग पावेल असं कार्बोनेट त्यात जवळजवळ नाही. शिवाय त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. छपाईला लागणारी चुनखडी बव्हेरियात झोल्नहोफेनच्या खाणीत मिळते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी एका शांत, उथळ खारकच्छात साठलेला तो बारीक गाळ आहे. इतका बारीक की त्यात पिसांचे ठसेही टिकले. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या मधला दुवा म्हणून आपण ज्याचं चित्र फळ्यावर काढतो, तो आर्किऑप्टेरिक्स याच खाणींत १८६१ मध्ये उजेडात आला. त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव ‘आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका’. नावातला दुसरा शब्द छपाईच्या दगडावरून आलेला आहे.

तर असे दगड बोटीनं मुंबईला आणि रेल्वेनं घाट चढून मळवलीला येत. दोन फूट रुंद, अडीच फूट लांब आणि तीन इंच जाड दगड धरला तर वजन नव्वद किलोच्या आसपास भरतं (घनता पाण्याच्या २.६ पट धरून वर्गात हे गणित करून घेता येईल). आणि एका चित्राला एक दगड पुरत नाही.

वीस दगडांची एक लक्ष्मी

दगडाला करडा रंग समजत नाही. एखाद्या जागी शाई लागते किंवा लागत नाही, मधलं काही नाही. मग गालावरची हळूहळू गडद होत जाणारी सावली आणायची कशी? ठिपक्यांनी. दाट ठिपके लांबून गडद दिसतात, विरळ ठिपके फिकट. भिंगातून दिसले ते हेच.

रंगांचं काम याहून अवघड. मूळ तैलचित्राच्या बाह्यरेषा एका दगडावर उतरवून घेत. मग तो कारागीर चित्राकडे पाहून मनातल्या मनात त्याचे रंग सुटे करी. या साडीत फिकट पिवळा किती, त्यावर गुलाबी किती, निऱ्यांच्या खोलगट भागात निळा किती. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त. आणि प्रत्येक दगडावर चित्र उलटं, आरशात दिसतं तसं काढायचं. शिवाय रंगाचा दगड काढताना समोर रंग नसतोच. असतात ते फक्त काळे ठिपके. हा ठिपका पिवळा होणार, त्याच्याशेजारी उद्या गुलाबी पडणार आणि लांबून त्याची कातडी दिसणार, हे सगळं डोक्यात ठेवायचं. भिंगाखाली पुन्हा एकदा देवीचा गाल पाहा म्हणजे या कामाची कल्पना येईल.

मग एकच कागद वीस वेळा यंत्रातून काढायचा आणि प्रत्येक वेळी तो केसभरही न सरकता बसायला हवा. लोणावळा-मळवलीचा पाऊस आपल्याला माहीत आहे. हवेतल्या ओलाव्यानं कागदाचे तंतू फुगतात. वीस इंच रुंदीचा कागद शेकडा अर्ध्यानं फुगला तर दहावा भाग इंच, म्हणजे अडीच मिलिमीटर सरकतो. तेवढ्यानं देवीचा ओठ गालावर जातो. बाजारू तसबिरींमध्ये कुंकू कपाळाबाहेर गेलेलं तुम्ही पाहिलं असेल, ते याच कारणानं. सगळे रंग बसल्यावर कागदावर कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव देत आणि वरून व्हार्निश फिरवत, म्हणजे ते तैलचित्रासारखं दिसे. अशा चित्राला ओलिओग्राफ म्हणत.

धंदा म्हणून छापखाना रविवर्मांना झेपला नाही. कर्ज वाढलं आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर याला विकला. नाव मात्र रविवर्मांचंच राहिलं. पुढे देवादिकांच्या तसबिरींबरोबर जाहिराती आणि लेबलंही तिथे छापली गेली. १९७२ मध्ये आग लागून कारखाना नष्ट झाला.

या तसबिरींवर चित्रकलेच्या जाणकारांनी टीकाही भरपूर केली. यांत्रिक, नकली, बाजारी असं त्यांना म्हटलं गेलं. आम्हांला त्यातलं ‘यांत्रिक’ हे विशेषण मुळीच पटत नाही. ज्या प्रतीतला प्रत्येक ठिपका माणसानं मांडला आणि प्रत्येक रंग माणसानं डोळ्यांनी निवडला, ती यांत्रिक कशी? फार तर असं म्हणता येईल की ज्याचं नाव खाली छापलं त्याचे हात त्यात नव्हते. ज्यांचे हात होते, त्या जर्मन लिथोकारांची आणि त्यांच्या हाताखालच्या इथल्या कारागिरांची नावं चित्रावर आली नाहीत. दगडावरही राहिली नाहीत, कारण छपाई संपली की वाळू आणि पाणी घालून दगड घासून काढत आणि त्यावर पुढचं चित्र काढत. दर चित्राला दगड थोडा झिजायचा.

आणखी एक गोष्ट. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्याच्या तीस वर्षं आधीपासून लक्ष्मी-सरस्वती कागदावर छापून बाजारात विकायला ठेवल्या होत्या आणि विकणारा जात विचारत नव्हता. ज्यांना गाभाऱ्याच्या जवळपासही येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्या भिंतीवर देवी पोचली ती या दगडांवरून. कलेच्या दृष्टीनं ही चित्रं कशी आहेत यावर वाद घालताना ही बाजूही मुलांपुढे ठेवावी असं आम्हांला वाटतं.

हाताऐवजी ऊन

मळवलीहून मुंबईच्या दिशेनं पुढचं स्टेशन लोणावळा. १९०६ च्या सुमारास छत्तीस वर्षांच्या एका माणसानं सरकारी नोकरी सोडून तिथे ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ नावाचा कारखाना काढला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे पुढे आपण ज्यांना दादासाहेब म्हणून ओळखतो ते. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. कलाभवनात असताना १८९० मध्ये त्यांनी कॅमेरा घेतला. तिथले प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना संस्थेची फोटोची खोली वापरू दिली. पुढे रतलामला जाऊन ते फोटो-लिथो आणि तिरंगी ब्लॉक करायला शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. तिथे १९०० च्या प्लेगात पत्नी आणि मूल गेल्यावर त्यांनी ते गाव सोडलं. नंतर १९०३ पासून ते पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्याचं आणि फोटोग्राफीचं काम करत होते.

लोणावळ्याच्या कारखान्याचं मुख्य काम मळवलीसाठी होतं. रविवर्मा छापखान्याला लागणारे फोटो-लिथो ट्रान्सफर फाळके करून देत. हा ट्रान्सफर काय असतो ते जरा थांबून समजून घेऊ. हातानं केलेली छपाई आणि फोटोग्राफी या दोन गोष्टी मावळात तिथेच एकमेकींना भेटल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात नारिंगी स्फटिकांची एक बाटली असते, पोटॅशियम डायक्रोमेटची. स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यानं १८३९ मध्ये पाहिलं की या क्षाराच्या द्रावणात भिजवलेला कागद उन्हात तपकिरी पडतो. पुढे टॅल्बट आणि प्वातव्हँ यांनी त्याला जिलेटिनची जोड दिली. जिलेटिन म्हणजे जेलीतला पदार्थ, हाडं आणि कातडी उकळून काढलेलं प्रथिन. ते थंड पाण्यात फुगतं, गरम पाण्यात विरघळतं. पण त्यात डायक्रोमेट मिसळून उन्हात धरलं की षट्संयुजी क्रोमियमचं क्षपण होऊन ते त्रिसंयुजी होतं. हे क्रोमियम प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं आणि जिलेटिन घट्ट होतं. मग ते फुगत नाही की विरघळत नाही. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावतात तेव्हा नेमकं हेच घडत असतं. फाळक्यांच्या कामात, म्हणायचं तर, ऊनच जिलेटिन कमावत होतं.

आता कागदाला डायक्रोमेटयुक्त जिलेटिनचा थर द्या, अंधारात वाळवा, वर काचेची निगेटिव्ह ठेवा आणि उन्हात न्या. निगेटिव्हच्या पारदर्शक भागाखाली जिलेटिन घट्ट होईल, काळ्या भागाखाली होणार नाही. मग सगळ्या कागदावर तेलकट शाई फासा आणि पाण्यात भिजवून हलक्या हातानं पुसा. घट्ट भागावरची शाई टिकते, बाकीची मऊ पडलेल्या थराबरोबर निघून जाते. उरलं ते तेलकट शाईतलं चित्र. हा कागद दगडावर पालथा घालून दाबला की शाई दगडावर उतरते. पुढे सगळं झेनेफेल्डरचंच, डिंक आणि पाणी. म्हणजे जे चित्र कारागीर खडूनं दगडावर काढत होता, ते आता ऊन काढू लागलं. याच जातीच्या तंत्रानं नकाशेही छापले जात. त्यात दगडाऐवजी जस्ताचा पत्रा असे. पुण्याच्या फोटोझिंको सरकारी मुद्रणालयाच्या नावातलं ‘झिंको’ हे त्या जस्ताचं.

फाळक्यांना यापुढे जायचं होतं, ते तीन रंगांच्या छपाईकडे. १८६१ मध्ये मॅक्सवेलनं दाखवलं होतं की लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून एकाच वस्तूचे तीन फोटो घेतले तर त्यांतून मूळचे सगळे रंग पुन्हा उभे करता येतात. छपाईत त्यांच्या उलट रंगांच्या तीन शाया लागतात. आज आपण त्यांना निळसर, किरमिजी आणि पिवळी म्हणतो. म्हणजे वीस दगडांचं काम तीन ठशांवर आलं. कारागिरानं मनात रंग सुटे करायचे, ते आता रंगीत काच करणार होती. पण यात एक मोठी मेख होती. त्या काळच्या साध्या फोटोप्लेटला निळा प्रकाश दिसे, लाल दिसतच नसे. १८७३ मध्ये फोगेल यानं प्लेटमध्ये रंगद्रव्यं मिसळून तिला हिरवा-पिवळा प्रकाश ‘दाखवला’ आणि नंतर इतरांनी तिला लाल दाखवला. तरीही शाया शुद्ध नसत, रंग मळकट येत, आणि ठशावर शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागे. म्हणजे हात काही पुरता सुटला नाही.

कारखाना पुढे दादरला गेला आणि त्याचं ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झालं. यंत्रसामग्री आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी मतभेद होऊन ते त्यातून बाहेर पडले. १९११ मध्ये त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यापुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या गोष्टीतला एक तुकडा विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, पैसे लावणाऱ्यांना पटावं म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या वाढीचा छोटा चित्रपट केला. ठरावीक वेळानं एकेक चौकट घ्यायची आणि सलग दाखवायची. रोज एक चौकट घेतली असं काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं. मुलांना गणित घालून पाहा. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर एका मिनिटाला ९६० लागतात. महिनाभर रोज एकच घेतली तर चित्रपट दोन सेकंदांत संपेल! मिनिटभर दाखवायचा तर दिवसरात्र दर पाऊण तासाला एक चौकट हवी.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. त्याची फिल्म घरीच धुतली गेली. फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, रसायनं मिसळणं आणि फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली आणि केली. मळवलीच्या कारागिरांसारखंच हेही हात पडद्यावर दिसले नाहीत.

वर्गात करून पाहायचं तर

आज हीच तंत्रं पुन्हा वापरणारे कलावंत आहेत. डिंक, रंग आणि डायक्रोमेट मिसळून कागदावर फोटो उतरवणारे, लोखंडाच्या क्षारांनी निळे फोटो काढणारे. गोव्याच्या ‘सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’सारख्या ठिकाणी ही तंत्रं शिकवलीही गेली आहेत. फाळक्यांना प्रत्येक प्रत सारखी यायला हवी होती. या कलावंतांना प्रत्येक प्रत वेगळी येते याचाच आनंद आहे.

डायक्रोमेट मात्र मुलांच्या हाती देऊ नका. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याऐवजी दोन गोष्टी करता येतील. दगडाची छपाई समजायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल एका पाटीवर ताणून बसवा. कोरड्या साबणाच्या तुकड्यानं किंवा तेलकट खडूनं तिच्यावर चित्र काढा, वरून कोलाचं पेय ओता (त्यात फॉस्फोरिक आम्ल आणि डिंक असतो) आणि पाण्यानं धुवा. खाण्याचं तेल लावून चित्र पुसून टाका. मग ओला स्पंज फिरवून तेलकट छपाईच्या शाईचा रूळ फिरवा. आमचा पहिला प्रयत्न अख्खा काळा झाला, कारण स्पंज सुकला होता. दुसऱ्या वेळी एक मुलगी फक्त स्पंज धरून उभी राहिली आणि मासा उमटला. उजवीकडे तोंड करून काढलेला मासा डावीकडे पाहत होता. ‘उलटं का काढायचं’ हे मग समजवावं लागलं नाही.

उन्हाचं चित्र करायला जॉन हर्शेलची १८४२ ची पद्धत सर्वांत सोपी. १०० मिलि पाण्यात २० ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि दुसऱ्या १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही द्रावणं वेगळ्या बाटल्यांत ठेवा. बंद खोलीत बल्बच्या मंद उजेडात ती समभाग मिसळून चित्रकलेच्या जाड कागदावर ब्रशनं लावा आणि अंधारात वाळू द्या. वर पिंपळाचं किंवा नेच्याचं पान, त्यावर काच, आणि दुपारच्या उन्हात दहा मिनिटं. उघडा भाग करडा-तपकिरी झाला की कागद साध्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. अतिनील किरणांनी फेरिक लोहाचं फेरस होतं आणि ते फेरिसायनाइडशी मिळून प्रशियन निळा रंग देतं. इंजिनियर लोकांची ‘ब्लू-प्रिंट’ ती हीच. फेरिसायनाइड तसं सौम्य आहे, पण त्यात तीव्र आम्ल पडू देऊ नका आणि ते तापवू नका, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. हातमोजे घाला.

मावळातल्या शाळांनी हा प्रयोग जून ते सप्टेंबर या महिन्यांत करायला घेऊ नये. ढगाळ उजेडात तासभर थांबूनही निळा फिका येतो आणि थर दिलेला कागद वाळता वाळत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच घ्यावा. तेव्हा ऊनही कडक असतं आणि नेच्याची पानं अजून हिरवी असतात.